गावित सिस्टरची मोजणी

जळगावात मेहरूणला आमच्या घराकडून तलावाकडे जाताना वळणावर एक मोठा फलक लागलाय. डॉक्टर बनवणाऱ्या क्लासचा. वर लिहिलंय, ‘आमचे विद्यार्थी प्रत्यक्ष ऑपरेशन पाहून डॉक्टर होतात!’ खाली फोटो. हिरव्या टोप्या घातलेली तेरा पोरं, सगळ्यांचे अंगठे वर, दात बाहेर, जसे काही लग्नाच्या पंगतीत बसलेत. मधे एक ट्रे, ट्रेवर हिरवा टॉवेल. आणि फोटोच्या डाव्या कडेला एक हात. रबरी मोजा घातलेला, मनगटापाशी कापला गेलेला. तो हात टॉवेलाचं टोक ओढून घेतोय.

त्या फलकाखालून जाताना मी थुंकतो. सून म्हणते, “आबा, लोक बघतात.” बघू देत. मी पोरांवर थुंकत नाही, त्या अंगठ्यांवर थुंकतो. आणि तो हात गावित सिस्टरचा आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

माझं शिक्षण चौथी. तीही धड नाही. धुळ्याच्या एका खाजगी दवाखान्यात मी सत्तावीस वर्षं ऑपरेशन थिएटर धुतलं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, डॉक्टरचंही नाही. त्याची पाटी अजून आहे, आणि पाटीखाली पेशंटांची रांगही आहे. लोक मला विचारतात, सुपडूभाऊ, एवढं रक्त, पू, कापलेले पाय, तुम्हाला किळस नाही यायची? आली. पहिले सहा महिने आली. नंतर त्या घाणीची कधीच आली नाही. ज्याची आली ते पुढे सांगतो.

गावित सिस्टर साक्रीपलीकडच्या डोंगरातल्या. बुटक्या, काळ्यासावळ्या, आवाज मात्र घंटेसारखा. घड्याळ मनगटाला नाही, छातीवर सेफ्टी पिनेनं लटकवलेलं, उलटं. त्यांना सरळ दिसायचं, आम्हाला उलटं. मी म्हटलं होतं एकदा, “सिस्टर, आम्हाले वेळ समजत नही तुमनाकडे देखीसन.” तर म्हणाल्या, “तुमले वेळ समजीन काय करनं शे सुपडूभाऊ? काम सरनं का घर जावानं.”

त्यांची मोजणी म्हणजे काय ते सांगायला हवं. ऑपरेशनमध्ये रक्त टिपायला जाळीच्या कापडाचे चौकोन असतात. त्याला मॉप म्हणतात. एका कोपऱ्याला नाडी असते. पोटात रक्ताळलेला मॉप आतड्यासारखाच दिसतो, हरवला तर हरवला. आत राहिला तर महिन्याभरात पोट सडतं. म्हणून सुरुवातीला मोजून द्यायचे, शेवटी मोजून घ्यायचे. सिस्टर टेबलापाशी मोजणार, मी खाली. डॉक्टर वापरलेला मॉप बादलीत टाकायचा, मी तो चिमट्यानं काढून स्टँडवर वाळत घातल्यासारखा लटकवायचो, पाच-पाचच्या ओळीत. पाच झाले की मी पंजा वर करायचो. तोंडाला मास्क, डॉक्टरला बडबड चालायची नाही, म्हणून ही खूण. सिस्टर मान हलवायच्या. भिंतीवरच्या पाटीवर आकडा पडायचा.

शेवटी सगळ्या ओळी भरल्या की सिस्टर स्वतःचा पंजा वर करायच्या. म्हणजे जुळलं, शिवा. सिस्टरचा पंजा वर झाल्याशिवाय त्या थिएटरात कुणाचं पोट बंद झालं नाही.

पू काढलेल्या केसनंतर आमचे भूलतज्ज्ञ चहाही प्यायचे नाहीत. सिस्टर मात्र हात धुऊन कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर आणि मिरचीचा ठेचा काढायच्या आणि मला हाक मारायच्या, “या सुपडूभाऊ, जेवा.” एकदा नवी आलेली नर्स नाक दाबून ‘ई’ म्हणाली. सिस्टरनी घास खाली ठेवला. “ती बाई त्या वासासंगे वीस दिन झोपनी. तुले वीस मिनिटं नही झेपत?” ती पोरगी पुन्हा कधी ‘ई’ म्हणाली नाही. निदान त्यांच्यासमोर नाही.

बायकांची मंगळसूत्रं काढायची वेळ आली की आमच्याकडे रडारड. खेड्यातल्या बाया गळ्यातलं काढायला तयार नसायच्या. दुसऱ्या नर्सा दटावायच्या. सिस्टर ते मंगळसूत्र काढून त्याच बाईच्या मनगटाला गॉजच्या पट्टीनं बांधायच्या, वर चिकटपट्टी. “हाई देख, तुनापासीच शे. गळामा नही, हातमा शे. नवरा काय गळाच देखस का?” रडणारी बाई हसत आत जायची. मी किती वेळा पाहिलं असेल.

आमच्या डॉक्टरला एक खोड होती. ओळखीच्या लोकांची पोरं ऑपरेशन बघायला आणायचा. कुणाचा भाचा, कुणाची मुलगी, सगळी बारावीची. “पाहू द्या, हुरूप येतो,” म्हणायचा. हुरूप. पोट कुणाचं तरी फाडलंय आणि हुरूप ह्यांना. पहिल्यांदा तो शब्द ऐकला तेव्हाच मला तोंडात कडू पाणी आलं.

सिस्टर त्या पोरांना टेबलाजवळ सोडायच्या नाहीत. आधी बादलीपाशी न्यायच्या. “या डॉक्टरसाहेब, पहिले बादली देखा.” कालच्या केसची बादली त्या मुद्दाम ठेवायला लावायच्या मला. निम्मी पोरं तिथूनच परत. एका पोराची आई आत येऊन भांडली होती, “आमच्या मुलाला असलं दाखवायची काय गरज होती?” सिस्टर म्हणाल्या, “बाई, तो डॉक्टर होणार. मग हे कोणाच्या मुलानं बघायचं?”

एकच पोरगा आठवतो, चष्मेवाला, शिरपूरकडचा. त्यानं बादलीत वाकून पाहिलं आणि विचारलं, “हे रोज कोण धुतं?” सिस्टरनी माझ्याकडे बोट केलं. त्यानं मला नमस्कार केला, वाकून नाही, नुसते हात जोडून. तो पुढे काय झाला मला माहीत नाही. पण सत्तावीस वर्षांत बादली बघून माणूस विचारणारा तो एकटाच.

मग हा क्लासवाला आला. जळगावहून बस भरून. चौदा पोरं-पोरी आणि एक सर, पांढरे बूट घातलेले. डॉक्टर त्यांच्यासाठी केस राखून बसला होता. शिंदखेड्याकडच्या इंदूबाई, बाजारात लसूण विकायच्या. पोटात गाठ, लाल भोपळ्याएवढी. डॉक्टर आदल्या दिवशी राउंडला म्हणाला, “ही दाखवण्यासारखी आहे.” बाई समोर पडलेली, तिच्यासमोरच म्हणाला.

त्यानं तिला विचारलं नाही. सिस्टरनी विचारलं. टेबलावर घ्यायच्या आधी, मंगळसूत्र मनगटाला बांधता बांधता. मी शेजारी उभा होतो.

“अक्का, पोरे उनात देखाले. तुनं पोट देखतीन. चालई का?”

“किती शेतस?”

“चौदा.”

इंदूबाईंनी मंगळसूत्र बांधलेलं मनगट पोटावर घेतलं. मग म्हणाल्या, “डॉक्टर व्हतीन का त्या?”

“माहीत नही.”

“मंग मन्हं तोंड झाकी दे.”

सिस्टर डॉक्टरकडे गेल्या आणि बाईची मर्जी नाही म्हणून सांगितलं. डॉक्टर म्हणाला, “नाही म्हणाली का ती? तोंड झाक म्हणाली ना? मग झाका.” सिस्टरनी झाकलं. तसं तोंड भूल दिल्यावर पडद्याआड जातंच. पण त्यांनी भूल देण्याआधी, बाई जागी असतानाच, स्वतःचा धुतलेला पांढरा रुमाल तिच्या डोळ्यांवर ठेवला.

पोरं आत यायला लागली तेव्हा सिस्टर दारात उभ्या. एकेकाच्या टोपीला हात लावून मोजत होत्या. चौदावी पोरगी आत आल्यावर म्हणाल्या, “ह्या बाईचं नाव काय?” एक पोरगा पुढे होऊन म्हणाला, “ओव्हरीचा ट्यूमर, मॅडम.” सर खूश होऊन हसले. सिस्टर म्हणाल्या, “नाव इंदूबाई. म्हणा.” कुणी म्हटलं, कुणी नाही. डॉक्टर आतून ओरडला, “सिस्टर, बादली-बिदली आज राहू द्या. उशीर होतोय.”

पोट उघडलं. पोरं ढकलाढकली करत पुढे. सर कोपऱ्यातून मोबाइलवर फोटो काढतायत. डॉक्टर हातानं ऑपरेशन करत होता आणि तोंडानं भाषण. गाठ बाहेर आली तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! तेवढ्यात मागे कुणाचा तरी पाय बादलीला लागला, बादली कलंडली, रक्ताचं पाणी फरशीवर. एक पोरगी तोंडावर हात दाबून बाहेर पळाली. मी बादली सरळ केली, मॉप गोळा केले, लटकवले. पंजा, पंजा, पंजा. शेवटच्या ओळीत चारच.

मी पुन्हा मोजले. चारच. सिस्टरकडे बघून मी चार बोटं दाखवली.

“साहेब, एक मॉप कमी आहे.”

डॉक्टरनं पोटात हात फिरवला. एकदा, दोनदा. “आत नाही. सुई द्या.”

“मोजणी जुळत नाही, साहेब.”

“ह्याची मोजणी,” डॉक्टरनं माझ्याकडे मान केली, “चौथी नापास माणसाची मोजणी! बीपी खाली चाललंय. सुई द्या.”

भूलतज्ज्ञ पण म्हणाले, “खरंच खाली चाललंय, आटपा.” आमच्याकडे तेव्हा टेबलावर एक्स-रे काढायची सोय नव्हती. शिवलं नाही तर बाई अशी जाते, शिवलं आणि मॉप आत असला तर तशी जाते. पोरांच्या टाळ्या कधीच थांबल्या होत्या.

सिस्टरनी दोरा ओवलेली सुई हातात घट्ट धरली होती. त्या डॉक्टरला म्हणाल्या, अगदी हळू, “सुपडूभाऊची मोजणी अकरा वर्षं मी बघतेय. एकदाही चुकली नाही. तुमची दोनदा चुकलीय. सांगू का इथं, पोरांसमोर?”

डॉक्टरनं सुईसाठी पुढे केलेला हात मागे घेतला. मला आयुष्यात कुणी सर्टिफिकेट दिलं नाही, शाळेनं नाही, दवाखान्यानं नाही. ते तेवढं एक.

“सुपडूभाऊ, बठ्ठ्या, एकूणएक पोरांचे पाय बघा.”

मी म्हटलं, “पाय वर करा रे.” बगळ्यांसारखी उभी राहिली पोरं, एका पायावर, भिंतीला धरून. सर म्हणाले, “हे काय चाललंय? आमची मुलं चांगल्या घरची आहेत.” कुणाच्याच चपलेला काही नव्हतं.

सिस्टरनी टोप्यांवरून नजर फिरवली. “आली चौदा. आहेत तेरा. चौदावी कुठंय?”

ती कपडे बदलायच्या खोलीत होती. जळगावच्या एका कापडवाल्या मारवाड्याची पोरगी, नाव लिहीत नाही, आता तिचं लग्नबिग्न झालं असेल. कोपऱ्यात उकिडवी बसून रडत होती. चप्पल धुतलेली, ओली. धुतलेली चप्पल बघूनच मला कळलं.

“बेटा, मॉप कुठंय?”

“मला नाही माहीत, काका.”

“तुझ्या चपलेला होता ना?”

“काका, सर मला घरी पाठवतील. पप्पांनी किती सांगून पाठवलंय, घाबरायचं नाही, सगळ्यांच्या पुढे उभं राहायचं…”

मी खाली बसलो. राग आला होता, पण तिच्यावरचा नव्हता तो. “पप्पांचं राहू दे. इंदूबाई आत पोट उघडं टाकून पडलीय. तुझ्या एका शब्दासाठी.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग उठली आणि शेजारच्या संडासातल्या कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. बायकांचे वापरलेले कपडे, कापूस, काय काय असतं त्यात, मीच रोज उपसतो, मला माहीत आहे. तिनं खालून कागदात गुंडाळलेला पुडा काढला. मॉप. नाडी चपलेच्या पट्ट्यात अडकून तो तिच्यासोबत आला होता, तिनं घाबरून नाडी तोडून तो टाकला होता. तुटलेली नाडी मागत मी हात पुढे केला. तिनं डब्यात पुन्हा हात घातला.

मी दारातून मॉप आणि नाडी दोन्ही वर धरली. सिस्टरनी नाडीची गाठ नीट बघितली. मग पंजा वर केला. “शिवा, साहेब.”

इंदूबाई वाचल्या. आठव्या दिवशी टाके काढून घरी गेल्या. डॉक्टरनं सगळ्यांना सांगितलं, ऑपरेशन छान झालं.

आता माझ्या किळसेचं. पोट शिवून होतंय न होतंय तोच सर म्हणाले, “डॉक्टरसाहेब, एक आठवण म्हणून?” आणि डॉक्टरनं ती गाठ ट्रेमध्ये घेतली, मधोमध ठेवली, तेरा पोरं भोवती. दहा मिनिटांपूर्वी बगळे झालेली पोरं. अंगठे वर. बाई अजून टेबलावर, तिच्या डोळ्यांवर सिस्टरचा रुमाल. त्या दिवशी मी मोरीत जाऊन ओकलो. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा आणि शेवटचं.

सर ‘रेडी’ म्हणाले तेव्हा सिस्टर टॉवेल घेऊन पुढे झाल्या आणि ट्रे झाकला. “हे इंदूबाईचं आहे.” एवढंच. फोटो पडला तो तसाच. हाताचा.

त्या पोरीला त्यांनी नळापाशी नेलं आणि सर्जन धुतो तसे तिचे हात धुतले, नखांपासून कोपरापर्यंत, ब्रशनं. पोरगी विचारत होती, “मॅडम, मी होईन का डॉक्टर?” सिस्टर म्हणाल्या, “माले नही माहीत. पण बादली तू देखी.” मग मला म्हणाल्या, “सुपडूभाऊ, हिला चहा द्या. साखर जास्त टाका.”

डॉक्टरनं सिस्टरना काढलं नाही, तेवढी अक्कल होती. फक्त पोरांसाठी टेबलासमोर काचेचा आडपडदा बसवला आणि पोरं यायची त्या दिवशी सिस्टरची ड्यूटी बदलायला लागला. वर्षभरात त्या स्वतःच गेल्या, गावी, भावाकडे. जाताना रुमाल माझ्या हातात दिला. मी म्हटलं, “ह्याचं काय करू?” “धुवा,” म्हणाल्या. धुतला. आहे माझ्याकडे.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या भाच्याचा फोन आला. आत्याला जळगावला आणलंय, पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन, तुम्हाला बोलावतेय. दवाखाना आमच्या घरापासून लांब नव्हता. मी गेलो तेव्हा त्यांना ट्रॉलीवर घेतलं होतं. सुकल्या होत्या, केस पांढरे, घड्याळ नव्हतं. मागे पाच-सहा पोरं, हिरव्या टोप्या. मी भाच्याला विचारलं, “हे कोण?” तो अभिमानानं म्हणाला, “बारावीची आहेत. डॉक्टर व्हायचंय ना, म्हणून आज बघायला आलीत.”

सिस्टरनी ट्रॉली थांबवायला लावली. पोरांकडे बघून म्हणाल्या, “मन्हं नाव काय?” पोरं एकमेकांकडे बघून हसली. एकीनं कागद चाळला. सिस्टरनी वाट पाहिली नाही. मला म्हणाल्या, “सुपडूभाऊ, बाहेरच बसा. मोजा.” मी खिशातून रुमाल काढला. त्यांनी स्वतःच तो डोळ्यांवर ठेवला.

मी थिएटरच्या दारासमोर बाकावर बसलो. आत काय चाललं मला दिसत नव्हतं. दीड तासानं पोरं बाहेर आली, मोबाइल काढत. मी दारात आडवा उभा राहिलो.

“पाय वर करा.”

“काय?”

“पाय वर कर, डॉक्टरसाहेब. चपलेचा तळ दाखव.”

भाचा मला ओढायला लागला, “आबा, असं काय करता!” मी हललो नाही. पोरं वैतागली, पण केले पाय वर. एकेकाचा तळ बघितला. स्वच्छ. मग नर्स आली, कोवळी पोर. मी म्हटलं, “मोजणी जुळली का?” “हो आजोबा, सगळं जुळलं.” “आकडा सांग.” तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. बराच वेळ लागला. बाहेर आली ती आकडा घेऊन आली, किती दिले, किती आले. मी मनातल्या मनात पाच-पाचच्या ओळी लावल्या. भरल्या.

ट्रॉली बाहेर आली. डोळ्यांवर रुमाल तसाच, सरकलेला. डोळे मिटलेले. मी वाकून म्हटलं, “सिस्टर, बराबर शे बठ्ठं.” ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ट्रॉली लिफ्टकडे वळली तेव्हा चादरीखालून त्यांचा हात बाहेर आला, वर झाला आणि मूठ उघडली.

मी बोटं मोजली.